खाटकाचा चावा

आत्या : म्हणजे जाळ्यात पकडायचं, पायात वाळा घालायचा आणि पुन्हा सोडून द्यायचं. याला नोकरी म्हणतात?

भाची : हळू बोल ना. तो त्या टेबलापाशीच बसलाय.

आत्या : ऐकू दे. बाकीचे आलेत पक्षी बघायला, मी त्याला बघायला आलेय. शर्ट बघ कसा, बोळा झालेला.

भाची : कामाचे कपडे आहेत ते. आत्या, बाबा म्हणालेत, तू हो म्हणालीस तर लग्नाला त्यांची ना नाही. निदान नीट बघ तरी.

आत्या : तुझ्या बाबांना स्वतःच्या तोंडानं नाही म्हणवत नाही, म्हणून मला पुढे केलंय. काय हो वाळेवाले, एवढं करून मिळतं काय?

वाळेवाला : या आत्या, पुढे या. वाळ्यावर नंबर असतो. हाच पक्षी दुसरीकडे कुणाला सापडला, तर कुठून कुठे गेला ते कळतं.

आत्या : कळून?

वाळेवाला : कळतं, एवढंच.

आत्या : लष्कराच्या भाकऱ्या. आणि या कापडी पिशव्यांत काय? भाजी?

वाळेवाला : पक्षीच. अंधारात शांत राहतात. हा बघा, याला खाटीक म्हणतात.

आत्या : नावातच सगळं आलं. अहो, चावतोय तो तुम्हाला.

वाळेवाला : हो, चावतो हा.

आत्या : रक्त आलं की. ओढा ना बोट.

वाळेवाला : ओढलं की जास्तच धरतो. थोडं थांबायचं, मग सोडतो.

आत्या : मग आवळा जरा मूठ. एवढंसं पाखरू, सोडेल झक मारत.

वाळेवाला : मूठ आवळली तर श्वास कोंडेल त्याचा. घाबरलाय म्हणून चावतोय हो. झालं, सोडलं बघा. वाळाही बसला. जा बाबा.

(खाटीक उडून समोरच्या झुडपावर बसतो. वाळेवाला बोट धुवायला नळाकडे जातो.)

भाची : आत्या, काय बघतेस एवढं त्याच्याकडे?

आत्या : हे रोजचं आहे?

भाची : चावणारा आला की असंच. मी तरी त्याला पक्ष्यावर चिडलेलं पाहिलं नाही.

आत्या : माझ्यासमोर नाटक केलं असेल.

भाची : चावा बसल्यावर?

आत्या : ते खरं. तुझ्या आतोबांना मी एकदा उलट बोलले होते. त्यांनी नुसतं मनगट धरलं माझं. हाड मोडेपर्यंत.

भाची : तू तर जिन्यावरून पडली होतीस ना?

आत्या : घरात तसं सांगायचं ठरलं होतं. लग्नाआधी तुझ्या आजोबांनी काय पाहिलं होतं माहितीय? कडक इस्त्रीचा शर्ट. माणूस किती नीटनेटका, म्हणाले.

भाची : आत्या...

आत्या : रडू नकोस, लोक बघतात.

भाची : मग मी बाबांना काय सांगू?

आत्या : तू काही सांगू नकोस, मी सांगते. आधी जा, त्याच्या बोटाला पट्टी बांध. तसाच पुन्हा पिशवीत हात घालतोय, बावळट.