कोहळ्यावरचा पहिला घाव

(नागपूर, १९५७. एका विणकराच्या घरामागची सांदवाडी. सासू मैनाबाई, सून गोपिका आणि शेजारच्या मागावरचे नत्थूजी. मृगापासून कार्तिकापर्यंत.)

मैनाबाई : तिथं नको वं. भिंतीपासून हातभर सोड. वेल मोठा झाल्यावर कुठं जाईन, तुह्या डोक्यावर?

गोपिका : जाऊ द्या ना. पदराची बचत.

मैनाबाई : लय बोलते. दोन-दोन बिया टाक आळ्यात. हं. वाल कुंपणाले, दोडका तिकडं, सांबाराचे धणे महालक्ष्म्या झाल्यावर. ही जागा कोहळ्याचीच. माह्या पोरानं, रुपानं, कामावर जायच्या आदल्या दिवशी खणली.

गोपिका : मांडव बी त्यायनंच बांधला. म्हणे, कोहळं पिकलं का पुलाचं काम सोडून येतो. पहिला घाव माहाच.

मैनाबाई : त्याचाच राहीन. बाईनं अख्खं कोहळं फोडू नये. घरच्या माणसाचा हात लागल्याबिगर विळा टेकवाचा नाही. बाहेरच्याचा तं मुळीच नाही.

गोपिका : काहून, आत्याबाई?

मैनाबाई : कोहळं म्हणजे घरचा पोरगा समजतेत. पोराले बाई कापते का?

गोपिका : मंग दोडक्यानं कोणाचं काय घोडं मारलं?

मैनाबाई : तोंड पाहा हिचं! पाचवा महिना लागला तरी चालूच. ठेव ती बादली. मी घालते पाणी. वाकू नको.

*

नत्थूजी : "...नदीले पूर हाये, काम बंद हाये. गड्यायसंगं तंबूत राहून राहिलो. पूर उतरला का खांबाचं काम सुरू होईन. गोपिकेले म्हणा, जड उचलू नको. कोहळ्याचा वेल मांडवावर घेतला का नाही, ते कळवा." बस्. खाली सही. अक्षर म्हणजे मुंगीच्या टांगा.

गोपिका : द्या ना इकडं, काकाजी.

मैनाबाई : हात पूस आदी! सुताले खळ लावता लावता उठली, तशीच. पाहा, अख्खा अंगठा उठला कागदावर.

गोपिका : उठू द्या. मले कुठं वाचता येते. काकाजी, आजच लिहा, वेल मांडवावर गेला. पहिलं कोहळं धरलं, मुठीएवढं.

नत्थूजी : कुठं? ते का, त्या पानामांगं—

मैनाबाई : बोट नको दाखवू गा! कोवळं फळ सडते.

नत्थूजी : वैनी, माह्या बोटानं सडाचं असतं, तं माहा साला कदीचाच सडला असता.

*

गोपिका : आत्याबाई, उरलेली खळ पाण्यात कालवून वेलाले टाकू?

मैनाबाई : टाक.

गोपिका : सकाळीच टाकली मी. मुळं कुजतीन म्हणून पहिले तुमीच ओरडत होत्या ना.

मैनाबाई : मंग नको टाकू.

गोपिका : तान्हा पोळा झाला तवापासून तुमी मले एक शब्द रागवल्या नाही. काल दूध उतू गेलं, तरी नाही.

मैनाबाई : पोटुशी बाईले काय रागवाचं.

गोपिका : उमरेडहून माहा भाऊ न्याले आला होता म्हणे. मी विहिरीवर होती, तं तुमी त्याले दारातूनच वापस पाठवलं?

मैनाबाई : रस्ता खराब हाये. बैलगाडीचे हादरे बसतेत.

गोपिका : पहिलं बाळंतपण माहेरी असते, आत्याबाई. माही माय काय म्हणन?

मैनाबाई : काय म्हणाचं ते म्हणू दे. इथंच होईन. दुपारी बांगडीवाली येऊन राहिली. हिरव्या भरून घे. दोन्ही हातायले, डझन-डझन.

गोपिका : नागपंचमीले तं भरल्या.

मैनाबाई : अजून भर.

गोपिका : हातात जागा नाही उरली... दीड महिना झाला, चिठ्ठी नाही आली.

मैनाबाई : आली. नत्थूभाऊजवळ हाये. नत्थूभाऊ! ओ नत्थूभाऊ! ती चिठ्ठी आण बरं, वाचून दाखव हिले.

नत्थूजी : आलो, आलो... हं. "सगळं ठीक हाये. काम चालू हाये. दिवाळीच्या आसपास... येणं होईन."

गोपिका : कोहळ्याचं काही नाही लिहिलं?

नत्थूजी : लिहिलं ना. "कोहळं जपजा."

गोपिका : काकाजी, चष्मा तुमच्या कपाळावर हाये.

नत्थूजी : अं? हो. दोनदा वाचली ना, पाठच झाली.

गोपिका : द्या इकडं.

मैनाबाई : राहू दे त्याच्याजवळ.

गोपिका : पाहू तं द्या. आज माहे हात कोरडे हायेत... बरं. घ्या, काकाजी. घडी नीट करून ठेवा.

*

नत्थूजी : वैनी, वेल पार वाळला. कोहळ्यानं राख धरली, पांढरंफेक झालं. उतरवलं पाहा, देठासकट. कुठं ठेवू?

मैनाबाई : पाटावर ठेव. विळा बी ठेव बाजूले.

नत्थूजी : मी फोडून देऊ?

मैनाबाई : तुहा हात नको.

नत्थूजी : मंग वैनी... किती दिवस झाकाचं आता? पोट हलकं होऊ दे म्हटलं तुमी. झालं ना?

मैनाबाई : ते माहं मी पाहीन. तू जा गा. गोपिका! बाहेर ये.

गोपिका : आली. कोहळं उतरवलं? दिवाळी होऊन गेली, नाही?

मैनाबाई : गेली.

गोपिका : जपून ठेवलं, तं होळीपर्यंत राहते हे.

मैनाबाई : राहते. पण ठेवाचं नाही आता. पोराले आण.

गोपिका : बारा दिवसाचा हाये तो. उन्हात काहून?

मैनाबाई : आण म्हटलं ना. त्याचा हात लाव विळ्याले.

गोपिका : ...घरच्या माणसाचा हात.

मैनाबाई : हो.

गोपिका : कोणता दिवस होता, आत्याबाई?

मैनाबाई : गोपिका—

गोपिका : काकाजीनं वाचलेल्या त्या कागदावर माह्याच अंगठ्याची खळ होती. श्रावणातलीच चिठ्ठी होती ती. मले दिवस तेवढा सांगा.

मैनाबाई : तान्हा पोळा. पोरं लाकडाचे बैल घेऊन दारात उभे होते, आन् त्यायच्या मांगं पुलाच्या कामावरचा माणूस. पूर उतरला नव्हता अजून, तरी रुपाले खांबावर चढवलं म्हणे. नदीनं वापस बी नाही दिलं... तुले समजलं होतं, आन् तू रोज वेलाले पाणी घालत राहिली?

गोपिका : मंग काय करू? तुमी बांगड्या भरवून राहिल्या होत्या. बोलली असती, तं फोडाव्या लागल्या असत्या.

मैनाबाई : पोटातलं राहावं, म्हणून भरवल्या वं मी. पाप माह्या डोक्यावर.

गोपिका : सरका. मले बसू द्या पाटाजवळ.

मैनाबाई : मान सांभाळ त्याची. हं. लाव हात.

गोपिका : मूठ बंद हाये. उघडूनच नाही राहिला.

मैनाबाई : बंदच राहू दे. वरून तू धर.