डोलकाठीवरचा तीन वॅटचा दिवा

जबाब
दि. २५/०५/२०२४, बेळगाव

मी, मष्णू भरमा कणबरकर, वय ५३ वर्षे, धंदा बॅटरी, इन्व्हर्टर व एसी दुरुस्ती, शिक्षण सातवी पास, रा. पिरनवाडी, ता. जि. बेळगाव.

समक्ष हजर राहून सांगतो की, मला कोणीही बोलावलेले नाही. काल सायंकाळी मी स्वतः वेंगुर्ल्याच्या पोलिसांना फोन केला. त्यावरून तेथील हवालदार साहेब आज बेळगावला आले असून येथील ठाण्यात बसून माझे म्हणणे मराठीत लिहून घेत आहेत. मी पूर्ण शुद्धीत आहे. साहेबांनी व मी मिळून चहा घेतला, त्याचे पैसे साहेबांनी मला देऊ दिले नाहीत.

वरील पत्त्यावर मी पत्नी मंगल हिच्यासह राहतो. वयाच्या चौदाव्या वर्षी वडगावात यंत्रमागाच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरायला लागलो, आता स्वतःचे दुकान असून चार माणसे हाताखाली आहेत. वडगावात घराघरांत माग आहेत. वीज गेली की घर इन्व्हर्टरवर चालते. बॅटरी उतरू लागली की आधी दिवे, मग बाकीचे सगळे आपोआप बंद व्हावे आणि पंखा मात्र शेवटपर्यंत फिरावा, अशी जोडणी मी करून देतो. त्यासाठी एक रिले, म्हणजे आपोआप पडणारा व उठणारा खटका, बसवावा लागतो. झोपलेल्या माणसाला दिवा लागत नाही, वारा लागतो, असा माझा साधा विचार. वडगाव-शहापुरात मी अशी दीड-दोनशे घरे केली असतील. आजवर एकही तक्रार नाही.

निपाणीचे तंबाखूचे व्यापारी मारुतीराव यांची व माझी वीस वर्षांची ओळख आहे. त्यांनी गेल्या वर्षी चौतीस फुटी शिडाची बोट जुनी विकत घेतली. बोटीचे नाव 'नीलम'. धंदा मुलीकडे सोपवून ते व त्यांच्या पत्नी जयाबाई आठ-पंधरा दिवस बोटीवरच राहतात, वेंगुर्ल्याहून गोव्यापर्यंत जातात, परत येतात. रात्री नांगर टाकून झोपतात. जयाबाईंना उकाडा सोसत नाही आणि एसीसाठी रात्रभर इंजिन चालवले तर त्याच्या वासाने त्यांना उलटी होते. म्हणून मार्च महिन्यात मी बोटीवर लिथियम बॅटऱ्या, वर सोलरचे पत्रे व पाऊण टनाचा एसी असे बसवून दिले. समुद्रातल्या बोटीचे ते माझे पहिलेच काम. दुकानात तिचा फोटो मोठा करून लावला होता. तो मी काल काढला.

बोटीवर कामाला भावकू लक्ष्मण गावडे, वय ४७, रा. जांबोटी, हा असतो. त्याने वीस वर्षे गोव्यात मासेमारीच्या ट्रॉलरवर काढली आहेत. सध्या तो वेंगुर्ल्याला आपल्या कोठडीत आहे.

दि. ०५/०५/२०२४ रोजी, रविवारी, मारुतीरावांच्या तक्रारीवरून मी वेंगुर्ल्याला गेलो होतो. एसी पहाटे चारला बंद पडतो, असे त्यांचे म्हणणे. "मष्णू, तुझी बॅटरी म्हातारी झाली का काय रं? ही घामानं उठून बसतीय न् मलाबी बसवतीय," असे ते म्हणाले. मी म्हणालो, "बॅटरी तरणीच हाय मालक, एसी लई खादाड हाय." मग वडगावात करतो तेच मी बोटीवर केले. बॅटरी एका पातळीखाली गेली की एसी सोडून पॅनेलवरचे बाकी सगळे बंद होईल असा रिले टाकला. फ्रीज, पाण्याचा पंप, आतले दिवे. नांगरलेल्या बोटीच्या डोलकाठीवर रात्रभर एक पांढरा दिवा ठेवावा लागतो. तो दुसऱ्या बोटींना दिसण्यासाठी असतो. तोही त्याच पॅनेलवर होता.

मी खाली वाकून वायरी कापत असताना भावकूने विचारले, "अण्णा, वरचा दिवाबी ह्यातच येतोय काय?"

मी म्हणालो, "का रं? अंधाराचं भ्या वाटतंय व्हय तुला?"

त्यावर मारुतीराव हसले, जयाबाई हसल्या. भावकूही हसला व "मला न्हाय, दुसऱ्यास्नी," असे म्हणून चहाचे कप गोळा करून वर गेला. हवालदार साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, हे शब्द मला स्पष्ट ऐकू आले होते. त्याच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. दिव्याची वायर वेगळी काढायला अर्धा तास लागला असता. मला आंबोलीचा घाट उजेडात चढायचा होता. रिलेबद्दल मी भावकूला किंवा मारुतीरावांना काहीही समजावून सांगितले नाही. "आता पहाटंपतूर गार," एवढेच सांगितले.

दि. १२/०५/२०२४ रोजी मी पिरनवाडीत घरीच होतो. आदल्या दिवशी ढग होते, म्हणजे बॅटऱ्या पुऱ्या भरलेल्या नसणार. पहाटे पावणेपाचच्या सुमारास साईनाथ नावाचे मच्छीमार, वय ३८, आपली फायबरची होडी घेऊन बंदरात परतत होते. वाटेत नांगरलेली 'नीलम' त्यांना दिसली नाही. होडी तिच्यावर आदळून ते डोक्यावर पडले व दवाखान्यात नेईपर्यंत मयत झाले, असे मला नंतर समजले. मी त्यांना कधी पाहिलेले नाही.

सकाळी पावणेनऊला मारुतीरावांचा बोटीवरून फोन आला. ते म्हणाले, "भावक्यानं दिवाच लावला न्हाय रं. माणूस गेला." मागे भावकू कोणाला तरी सांगत होता, "मी लावलता ओ साहेब, जेवान झाल्यावर मीच लावलता." तेवढ्यात फोनमध्ये 'टक्' असा आवाज आला आणि पाठोपाठ फ्रीजची मोटर सुरू झाली. कॉम्प्रेसरचा आजार मी फोनवर आवाज ऐकून ओळखतो. ऊन चढून बॅटरी भरू लागली की रिले उठतो, तो हा आवाज होता. म्हणजे तोपर्यंत तो पडलेला होता. म्हणजे रात्री वरचा दिवा गेला होता. हे मला त्याच क्षणी समजले.

मारुतीराव पुढे म्हणाले, "तुझा एसी मात्र सकाळपतूर फस्क्लास चालला बघ." ते टोमणा म्हणून बोलले नाहीत. मी म्हणालो, "काळजी घ्या मालक," आणि फोन ठेवला.

भावकूवर ठपका आला तो याच गोष्टीवरून. एसी चालू होता म्हणजे बॅटरीत वीज होती, वीज होती म्हणजे दिवा लावला असता तर लागला असता, असे सर्वांचे म्हणणे पडले. दिव्याचे बटण चालू सापडले, ते त्याने टक्कर झाल्यावर घाईने दाबले असे धरले गेले. तो पलीकडच्या राज्यातला असल्याने त्याला तिकडे जामीनदार मिळाला नाही. मलाही कोणी जामीनदार बघायला सांगितले नव्हते, मीही बघितला नाही.

दि. १५/०५/२०२४ रोजी मी एसीच्या सर्व्हिसिंगचे निमित्त सांगून स्वतःहून वेंगुर्ल्याला गेलो. बोट धक्क्याला बांधलेली होती. पंचनामा झाला होता व बोट मारुतीरावांच्या ताब्यात दिलेली होती. मी रिले काढला, वायरी सरळ जोडल्या, चिकटपट्टी जुनी दिसावी म्हणून तिला ग्रीसचा हात लावला आणि रिले लपवण्यासाठी जेवणाच्या डब्यात घालून घरी आणला. धक्क्यावरच्या शिपायाने मला पाणी दिले. मी त्याच्याशी आंब्याच्या भावावर गप्पा मारल्या.

काल दि. २४/०५/२०२४ रोजी दुपारी भावकूची पत्नी दुर्गाबाई जांबोटीहून माझ्या दुकानात आल्या. त्या मला दोष द्यायला आल्या नव्हत्या. मी जाणता माणूस, मारुतीरावांच्या ओळखीचा, म्हणून सल्ला विचारायला आल्या होत्या. त्यांनी विचारले, "वकील म्हनत्यात, चूक झाली म्हनून मान्य करा, कोर्ट दया दाखवंल. सांगू काय अण्णा त्यास्नी तसं?"

मी विचारले, "भावकू काय म्हणतोय?"

त्या म्हणाल्या, "आदी म्हनत हुते लावलता. आता म्हनत्यात, समदी म्हनत्यात तर न्हाईच लावला आसंल. माजंच डोस्कं गेलं आसंल. एका पोराचा बाप माज्या हातनं गेला, म्हनत्यात. जेवान जाईना झालंय त्यास्नी."

हवालदार साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, मी त्यांना, "वकील सांगतोय तसं करा आक्का," असे उत्तर दिले. त्या बरं म्हणाल्या. पाणी नको म्हणाल्या. जांबोटीची गाडी चुकेल म्हणून लगेच उठल्या व जाताना माझ्या पाया पडल्या. त्यानंतर मी दुकान बंद केले. सायंकाळी फोन केला.

तांत्रिक बाब विचारल्यावरून सांगतो की, डोलकाठीवरचा तो दिवा तीन वॅटचा आहे. एसी साडेपाचशे वॅट ओढतो. एसी त्या रात्री फक्त एक मिनिट बंद राहिला असता, तर तेवढ्या विजेवर तो दिवा तीन तास जळला असता. हा हिशेब मी बारा तारखेलाच केला होता. आज प्रथमच सांगत आहे.

सदर रिले, त्यावर माझ्या दुकानाचे लेबल आहे, मी आज पंचांसमक्ष हजर केला आहे. भावकूने दिवा लावला होता. तो विझला तो माझ्या जोडणीमुळे. यात मारुतीरावांचाही दोष नाही, त्यांना यातले काही माहीत नव्हते. सोमवारी दि. २७ रोजी भावकू कोर्टात चूक कबूल करणार आहे, त्याआधी हा जबाब त्याला वाचून दाखवावा अशी माझी विनंती आहे. दुर्गाबाईंना मी अजून कळवलेले नाही. फोन दोनदा लावला, त्यांनी उचलला, दोन्ही वेळा मी ठेवून दिला.

माझे वरील म्हणणे हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. दि. १५ च्या मजकुरात 'रिले नजरचुकीने सोबत आणला' असे लिहिलेले होते. तसे मी सांगितले नव्हते. "राहू द्या की अण्णा, तुमच्याच फायद्याचं आहे," असे साहेब म्हणाले. मी 'नजरचुकीने' खोडायला लावून तेथे 'लपवण्यासाठी' व पुढे डब्याचेही लिहवून घेतले आणि खोडलेल्या जागी वेगळी सही केली. आता सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

समक्ष,
(सही) मष्णू भरमा कणबरकर