लाँच येईपर्यंत

जमलेल्या मंडळींनो, माझ्या हातात हा माईक दिलाय, पण तो धरायचा कसा ते मला कळत नाही. लांब धरला तर मागं ऐकू जात नाही, जवळ धरला तर घरघरतो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. बोलण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. बबन गेला, आणि आपण त्याच्याविषयी बोलायचं, हे मला अजून खरं वाटत नाही.

माझं लक्ष सारखं पाण्याकडं जातंय. वारा सुटलाय. पलीकडच्या काठावरून लाँच निघाली का? कुणी फोन केलाय का? त्या लाँचमध्ये बबनची बायको, आमची पारू वहिनी आहे. पलीकडच्या वाडीची माणसं आहेत. ती अजून आली नाहीत, आणि सभा सुरू झाली. का झाली? आमदार साहेबांची गाडी आली म्हणून. गाडी येईपर्यंत आपण सगळे थांबलो होतो. दोनदा चहा झाला. मी सरपंचांना विचारलं, लाँच येऊ द्यायची का? तर म्हणाले, "तात्या, सायबांना पुढं मंचरला लग्न हाय. तुमी सुरू करा, लाँच काय येतीयच." बरं. सुरू करतो.

साहेब, तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो. बबन आणि मी एकाच जुन्या गावचे. ते गाव या पाण्याखाली आहे. धरण झालं, पाणी चढलं, आम्ही वर सरकलो. निम्मे इकडच्या काठाला, निम्मे तिकडच्या. बबनच्या वाट्याला पलीकडची चढण आली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या चावडीचा ओटा अजून उघडा पडतो. बबन दर वर्षी त्यावर जाऊन बसायचा. म्हणायचा, "हितं आपलं मत पडत व्हतं."

त्याचा अशोक जहाजावर इंजिनात काम करतो. आजही तो समुद्रावरच आहे, बापाच्या मातीला येऊ शकला नाही. मागं एकदा त्याचं जहाज तुवालू नावाच्या देशाला लागलं. पॅसिफिक समुद्रातली नुसती बेटं. आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढी माणसं, आणि तो अख्खा देश. तिथं पक्ष नाहीत. प्रत्येक बेटानं आपली माणसं निवडून द्यायची, आणि त्यांनी मुख्य बेटावर जमून पंतप्रधान ठरवायचा. त्या वेळी तिथं निवडणूक झाली आणि समुद्र खवळला. निवडून आलेली माणसं लांबच्या बेटांवर अडकली. अशोकनं फोनवर सांगितलं, "आबा, हितं सरकारच बसंना. बोट आल्याबिगर पंतप्रधान करायचा न्हाई म्हणत्यात."

बबननं विचारलं, "मंग करत्यात काय?"

"थांबल्यात."

या एका शब्दानं बबनला झपाटलं. बेल्ह्याच्या बाजारात गेला तरी तेच. "थांबल्यात रं. अख्खा देश थांबलाय." बैलाचे दात बघता बघता व्यापारी विचारायचा, "आबा, तुमच्या देशाची बोट आली का?" माणसं हसायची. पुढं तेच चालू झालं. टपरीवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, जो तो विचारायचा, आबा, बोट आली का? बबनही हसायचा. म्हणायचा, "त्येंची आली. आपली यायचीय."

मला मेल्याला काळजी. मी म्हणायचो, बबन, हसतात रे तुला. तर म्हणाला, "हसू दे. त्यो देश बी पाण्यात चाललाय, समुद्र चढतोय. पर बुडता बुडता बी एकमेकाची वाट बघत्यात. आपल्याला बुडवताना कुणी इचारलं व्हतं का, तात्या?"



मग ती ग्रामसभा झाली. पलीकडच्या वाडीचं मतदान केंद्र बंद करून इकडच्या शाळेत आणावं, असा ठराव होता. ज्यांचं केंद्र जाणार ती माणसं पलीकडच्या काठावर उभी, कारण लाँचचं इंजिन बंद पडलेलं. बबन आदल्या दिवशी माझ्याकडं मुक्कामाला आला होता, म्हणून वाडीचा तो एकटाच हजर. तो उठला, हात जोडले. म्हणाला, "लाँच येऊ द्या. मंग हात वर करा." एवढंच म्हणाला. मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, बोट आली का?" सगळी सभा हसली. हसता हसता हात वर झाले. ठराव मंजूर.

कोण ओरडलं ते मला माहीत आहे. आज तो पहिल्या रांगेत बसलाय, हार घेऊन. नाव घेत नाही. शोकसभा आहे.

पुढं मतदान आलं. त्या दिवशीही असाच वारा होता. लाँच सुटली नाही. दुपारपर्यंत वाट पाहून बबन पाण्याला वळसा घालून पायी निघाला. वाडीची चार माणसं त्याच्या मागं. सत्तरी ओलांडलेला माणूस, ओढे उतरत, चढत आला. शाळेशी पोचला तेव्हा फाटक लागलं होतं. मी तिथंच होतो. तो पोलिसाला म्हणाला, "पावणं, वाडीची माणसं मागं हायती. येत्यात. वाईच थांबा." पोलीस म्हणाला, "बाबा, वेळ संपली. नियम हाय." नियम आहे, मान्य. त्या पोराचा काय दोष? फाटक कुठं असावं हे त्यानं ठरवलं नव्हतं. ते आपण ठरवलं होतं, हसता हसता.

बबन माझ्या ओसरीवर येऊन बसला. पाय सुजले होते. मी पाणी तापवून दिलं. पाय पाण्यात सोडून म्हणाला, "तात्या, लई लांब झालं रं गाव." त्यानंतर त्याची छाती कफानं जी भरली, ती मोकळी झालीच नाही; त्यातच तो गेला.

मघाशी सरपंच माझ्या कानात म्हणाले, लाँचसाठी पक्का धक्का बांधू, बबनआबांचं नाव देऊ, साहेब आत्ताच जाहीर करणार आहेत. मला भीती वाटते. धक्का होईल, नाव लागेल, साहेबांचा फोटो लागेल, आणि मतदान इकडंच राहील. नाव नको. वाडीचं केंद्र वाडीला परत द्या. पुन्हा ग्रामसभा घ्या, आणि वाडी समोर बसलेली असताना हात वर करा. बबननं एवढंच मागितलं होतं.

आता श्रद्धांजली. आपण दोन मिनिटं उभं राहतो, कुणीतरी घड्याळ बघतो, आणि संपलं की जो तो चपला शोधायला लागतो. आज तसं नको. साहेब, तुम्हाला लग्न आहे, तुम्ही निघालात तर राग नाही. बाकीच्यांनी उठू नका. पारू वहिनी पाण्यावर आहे. दिसते का लाँच कुणाला? माझी नजर तेवढी पोचत नाही.

ती काठाला लागेपर्यंत आपण गप्प बसू. घड्याळ बघू नका.

बबन, ही माणसं थांबतील का, मला माहीत नाही. मी थांबलोय.