ताट रिकामं झालं की

धायरीच्या बसच्या रांगेत नंदापुढे दोन बायका बोलत होत्या. उद्या नंदाकडेही मुलाचे जर्मन मित्र उतरणार होते, म्हणून तिने कान टवकारले.

“लेकीच्या फ्रान्सच्या मैत्रिणी गेल्या का गं?”

“गेल्या बाई. चार दिवस भाकऱ्या थापून मनगटं गेली माझी.”

“एवढं खातात?”

“ताट रिकामं दिसलं की मी वाढायची.”

“मग, वाढायलाच हवं.”

“आणि मी वाढलं की त्या संपवायच्या. टाकलं तर मला वाईट वाटेल म्हणून!”

“अगबाई! कळलं कधी?”

“काल. एकीने हात जोडले, म्हणाली, ‘काकू, पुरे.’”

“ओशाळली असशील.”

“छे! डब्यातलं पीठ संपलं होतं. मी तिला मिठीच मारली.”

नंदाला राहवेना. “अहो, ते ‘पुरे’ पहिल्याच दिवशी शिकवलं तर चालतं का?”