घोयऱ्याचं औषध

रुचिका: चाची, आधी ही खिडकी उघडा बरं. केवढा हा धूर!

सालेहा: जुम्मेरात शे ना बेटा. दर जुम्मेरातले तौहिदना नाववर लोबान टाकस मी. फातेहा पढस.

रुचिका: हो, गुरुवार आहे, पण डोळे चुरचुरायला लागले माझे. थांबा, मीच उघडते. ज्याचा व्हिडिओ पाठवलात तो सरडा कुठंय?

सालेहा: तो देख, पडदानी दांडीवर. सकायपासून तोंड उघडीसन बठेल शे.

रुचिका: अगं बाई, घोयराच हा, रंग बदलणारा! व्हिडिओ बघेपर्यंत मला वाटलं, कुंपणावरचा साधा सरडा असेल. काय खायला घालता?

सालेहा: नाकतोडा. मांगला पडीत वावरमा जास, धरी लयस. आते काहीच खास नही. पुढे धरं का तोंड फिराई लेस.

रुचिका: तुम्ही नाकतोडे धरता? या वयात?

सालेहा: दिनभर दुसरं काय काम शे माले?

रुचिका: नाव काय ठेवलंय?

सालेहा: काहीच नही. नाव ठेवं का हाक मारनी पडस.

रुचिका: बरं. जरा कान इकडे आणा, त्याच्याजवळ. येतोय आवाज?

सालेहा: टिकटिक येस. माले वाटनं, पाल बोली ऱ्हायनी.

रुचिका: पाल नाही, हाच आहे. नाकाशी बुडबुडे बघा. मान वर करून बसलाय, कारण खाली केली की श्वासच पुरत नाही त्याला. छातीत इन्फेक्शन झालंय, चाची. थंडी लागली असणार, आणि त्यात हा धूर.

कय्युम: काय वं रुचिका, ढोरनी डाक्टर आते सरडाबी तपासाले लागनी का?

रुचिका: या चाचा. गादीचं दुकान सोडून आलात? हो, मी गाई-म्हशींचीच डॉक्टर. म्हणून तर पुण्याच्या एका मॅडमना याचा व्हिडिओ पाठवला. त्यांनी सांगितलं तेवढंच औषध आणलंय, माझ्या मनाचं काही नाही.

कय्युम: कसाले इतली मेहनत? सरडानी धाव कुंपनलोंग म्हनतस. हाऊ मन्हा घरलोंग उना. मी हिले पहिलाच दिनले सांगं, फेकी दे गटारमा.

रुचिका: असं काय बोलता चाचा? मुका जीव आहे.

कय्युम: मुका शे म्हनीसनच वाचना. बोलता ऱ्हाता तर मी इचारता त्याले.

रुचिका: काय विचारलं असतं?

सालेहा: आहो, ऱ्हाऊ द्या. पोर पानी बी पेनी नही आजून.

कय्युम: तिले माहीत नही का? तौहिदना संगे एक वर्गमा व्हती ना ती.

रुचिका: मी तेव्हा मोलगीला होते, चाचा, दवाखान्यात. मला एवढंच कळलं, विसरवाडीजवळ ट्रकची धडक बसली. मी आले तेव्हा तुम्ही सगळे कब्रस्तानातून परतला होता.

कय्युम: मंग आयक. रस्तावर हाऊ चाली ऱ्हायना व्हता. याले चालता येस का नीट? एक पाय उचलस, झुलस, मंग दुसरा उचलस. तठलोंग ट्रक येस. तर आम्हना पोऱ्यानी मोटरसायकल थांबाडी. डोकावरनं हेल्मेट काढं, याले हेल्मेटमा बठाडं, हेल्मेट हातमा अडकाडं नि निघना. म्हने, पुढे बाभूळ शे, तठे सोडी देस. चहावाला व्हता तठे, त्याले सांगीसन निघना. बाभूळलोंग पोचनाच नही.

रुचिका: म्हणजे डोक्यावर…

कय्युम: काहीच नही. लोकेसनी हेल्मेट आनी दिनं मन्हा हातमा. मी देखं, एक ओरखडा नही. माले वाटनं, मन्हा पोऱ्या वाचना. हेल्मेटमा देखं तर हाऊ.

(रुचिका पिशवीतून औषधाची बाटली काढते.)

कय्युम: आते दे त्याले औषध.

सालेहा: पोरीवर काय राग काढतस? तिनी काय करं?

कय्युम: राग नही. राग येता तर बरं व्हतं.

सालेहा: तुम्हले नही येत, माले बी नही येत. सम्दी म्हनतस, सालेहा, रड, मन हलकं व्हई. येसच नही रडनं. भाकर खास, पानी पेस, झोप बी लागस. आंगमा रुई भरेल शे आसं वाटस. कोनी टोचं तरी लागत नही.

रुचिका: चाची, औषधाचं सांगू?

सालेहा: सांग बेटा. ते कामनं शे.

रुचिका: सकाळ-संध्याकाळ एक-एक थेंब. एकानं धरायचं, हळूच तोंड उघडायचं, दुसऱ्यानं थेंब सोडायचा. एकट्यानं जमत नाही. दांडीपाशी हा बल्ब लावून ठेवा, ऊब राहील. दिवसातून चारदा पाणी फवारा, पानावरनं चाटून पितो तो. आणि घरात धूर अजिबात नको. लोबान नाही, उदबत्ती नाही, चुलीचा पण नाही.

सालेहा: लोबान बी नको?

रुचिका: नको, चाची. फुप्फुसं आधीच भरलीत.

सालेहा: मंग जुम्मेरातले मी काय करू? त्याना करता दुसरं काहीच करता येस नही माले. एवढं एकच तर शे.

कय्युम: आयकं का? आपल्या पोऱ्याना लोबान बंद, या सरडाकरता. आते तरी ली जा त्याले, रुचिका.

रुचिका: नेईन. खरं तर न्यायलाच हवा. घोयरा पाळता येत नाही, कायदा आहे. वन विभागाच्या माणसाशी बोललेय मी. हा बरा झाला की तो माणूस येईल, त्याच्यासमोर सोडायचा. पण आज नेला तर त्यांच्याकडे वेळेवर कोण थेंब घालणार? पिंजऱ्यात ठेवतील आणि सकाळी मेलेला काढतील. तुम्ही सांगाल तसं करते, चाचा.

सालेहा: त्यासले नको इचारू. माले इचार.

रुचिका: बोला.

सालेहा: ती धुपाटनी उचल. नळखाले धर. हा, इझाडी टाक पुरी.

कय्युम: सालेहा!

सालेहा: लोबान त्याना नावना शे. हाऊ त्याना हातना शे. त्यानी शेवटला ज्याले हात लावा, तो हाऊच शे ना? मंग मी कोनले सांभाळू? तुम्हीच सांगा.

कय्युम: फातेहा?

सालेहा: पढसू ना. बिगर धूरना पढसू. पोचत नही का?

कय्युम: …पोचस. धूरनं काय शे त्यामा.

सालेहा: मंग या आठे. एक जन धरनार, एक जन थेंब सोडनार. रुचिका रोज येवाव नही. घरमा दोनच जन शेत आपन.

कय्युम: मी हात लावनार नही त्याले.

सालेहा: नका लावू. मी एकटी करसू. मन्हा हातखाले तो गुदमरी गया तर तुम्हनं काम व्हई जाई.

(कय्युम सदऱ्याला लागलेली रुई झटकतो, हात धुतो आणि दांडीपाशी येतो.)

कय्युम: कोठेतून धरानं?

रुचिका: वरून झडप नको, चाचा. समोर बोट धरा, आडवं, फांदीसारखं. तो आपणहून चढेल.

कय्युम: येत नही तो.

रुचिका: येईल. त्याला घाई नसते.

कय्युम: थंडागार शेत पाय त्याना.

रुचिका: म्हणून तर बल्ब. आता दुसऱ्या हातानं हनुवटीखालची कातडी हलकेच खाली ओढा. हलकेच. बस, उघडलं. चाची, सोडा थेंब.

सालेहा: बिस्मिल्ला.

रुचिका: गिळला. छान! झालं.

सालेहा: काया पडी गया वं हाऊ! आते हिरवा व्हता.

रुचिका: घाबरलाय, म्हणून काळा पडला. येईल पुन्हा रंग. आजची रात्र काढली तर जगेल असं वाटतंय मला, पण नक्की नाही सांगत. चाचा, ठेवा आता त्याला बल्बखाली.

कय्युम: सोडत नही.

सालेहा: वढू नका. त्यानी पकड आशीच शे.

रुचिका: हाताची ऊब लागली त्याला. सोडेल थोड्या वेळानं. बसा तुम्ही, मी बल्ब जोडते.

सालेहा: आहो, तुम्हना हात थरथरी ऱ्हायना.

कय्युम: मन्हा नही. हाऊ सास ली ऱ्हायना.