या शहरात आता कोणी जन्मत नाही

नाही गं, गेली नाहीये बस, टेक निवांत. उशिरा येते, पण येते. इकडे सावलीत सरक, हां, असं. कितवा चाललाय? थांब, सांगू नकोस, मीच सांगते – सातवा, आणि तोही संपत आलेला. बघ! अगं, चालण्यावरून कळतं मला. या समोरच्या इमारतीत आया होते मी, सगळी नोकरी तिथेच झाली. पाटीवर 'शहर सौंदर्यीकरण कक्ष' लिहिलंय ना, तीच. आपलं नगरपालिकेचं प्रसूतिगृह होतं ते. आता तिथेच साहेबांची टेबलं पुसते. पाळणे होते त्या खोलीत कुंड्या ठेवल्यात, प्लास्टिकच्या झाडांच्या – त्यांचीही धूळ मीच पुसायची!

बंद का झालं? तेच तर. एका दिवसात नाही केलं गं कोणी. आधी इथली बस बाहेरच्या रस्त्याने वळवली – मुख्य रस्ता मोकळा दिसायला हवा म्हणे. झाला मोकळा! मग भरल्या पोटाच्या बायका इथवर यायच्या कशा? ज्यांना जमलं त्या आल्या, बाकीच्या शेजारच्या शहरात गेल्या. डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी कोणी आणलं नाही – का, तर बाळंतपणं कमी झालीत. आणि बाळंतपणं का कमी, तर डॉक्टर नाही. हसतेस? आम्हीही हसलो होतो. शेवटी सभेत ठराव आला, 'तात्पुरते बंद'. हात वर करणाऱ्यांतले निम्मे तर आमच्याच हातांत पहिल्यांदा रडलेले – तेव्हा बरे बोंबलत होते, सभेत मात्र एकाचाही आवाज फुटला नाही. ठरावाबरोबर ही बस दिली, शेजारच्या मोठ्या दवाखान्यात जायला. दिवसातून एकदा. पोटातल्या बाळाने बसची वेळ पाळायची, अशी सोय!

आणि हा रस्ता बघ. त्या बंद शटरमागे झबली शिवणारा शिंपी होता, पलीकडे औषधवाला, कोपऱ्यावर चहावाला – होणारे बाप तिथेच येरझाऱ्या घालायचे ना! सगळे उठले. नवी लग्नं झालेली पोरं मोठ्या दवाखान्याजवळ घर बघायला लागली, आणि एकदा तिकडे बिऱ्हाड हललं की परत कोण येतं? यंदा शाळेत पहिलीचा वर्गच भरला नाही. आता शाळेचंही तेच चाललंय, मुलं नाहीत तर बंद करा. अरे बाबांनो, या शहरात आता कोणी जन्मतच नाही, मुलं आणायची कुठून?

ती वरची खिडकी दिसते, रस्त्याकडची? आमची एक पद्धत होती बघ. बाळ रडलं, आई नीट आहे, म्हणजे दोघंही सुखरूप – की मी ती खिडकी उघडायची आणि टॉवेल झटकायचा. जोरात, रस्त्याला दिसेल असा. खालून शिंपी ओरडायचा, "मावशी, मुलगा की मुलगी?" सांगतेय कशाला, आधी बापाला कळू दे! पण टॉवेल दिसला की चहावाला बापाच्या पाठीत अशी थाप मारायचा की बिचारा चहा सांडायचा. आधी रडणं ऐकायचं, मगच खिडकी – नव्या आयांना मीच दटावायचे.

मला? मुलगी आहे ना, एकच. तिचेही दिवस भरलेच होते – ठरावानंतर. मी सोबत असताना कसली भीती? जावयाला म्हटलं, सावकाश चालव, वेळ आहे. होताच गं वेळ. पण मोठ्या दवाखान्याच्या वाटेवरचा तो पूल – नवा बांधायला घेतला आणि अर्धवट सोडला, अधूनमधून चार मजूर आणून उभे करतात – तिथे एकाच बाजूने गाड्या सोडतात. पुढे ट्रक, मागे ट्रक. मागच्या सीटवरच झालं. माझ्याच हातांत आला. मुलगा. इतकी वर्षं हे हात तेच करत आलेले, त्यांना थांबा कोण म्हणणार – मी बाळ तिच्या पोटावर ठेवलं, काच खाली केली आणि टॉवेल झटकला. पुलावरचे मजूर बघतच होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. एवढा गलका झाला की मला वाटलं, त्या गलक्यातच ऐकू आलं नसेल. रडला असेल, मला ऐकू आलं नसेल.

माझी पोर म्हणत होती, आई, काच लाव. मला ऐकू दे.

अगं – अगं, पाणी पी. इकडे बघ, माझ्याकडे. मी पण ना, कुणासमोर काय बोलावं – नाही, तुझं तसं काही होणार नाही. तुझी नणंद राहते ना तिकडे, मघाशी म्हणालीस? मग झालं तर. तिच्याकडे आधीच जाऊन राहा. नववा लागायची वाट बघू नकोस. नवऱ्यालाही तिकडेच काम बघायला सांग. आणि मोकळी झालीस की – नको येऊस परत. ऐकतेस ना? ही जुनी आया सांगतेय तुला. येऊच नकोस.

आली बघ. पुढच्या सीटवर बस, मागे धक्के लागतात. ऊठ हळू. नको, माझा हात नको धरूस, त्या दांड्याला धर.

जा.