चुलीवरची जागा

लिहून घ्या, उरणच्या खाडीकाठचं आमचं घर, घर कसलं, कुडाच्या भिंती आणि वर कौलं. बाबांची एक लहान होडी होती, पण खाडीत भराव पडायला लागला तशी ती चिखलातच बसली आणि बाबा ओट्यावर. ओट्यावर बसून जाळं विणायचे, कुठल्या पाण्यात टाकणार ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण हाताला काहीतरी हवं ना माणसाला. घर चालवलं ते आईनं. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत चालायचं, तिथे कंडक्टर म्हणणार बाय, वास मारतोय, पाटी टपावर टाक नाहीतर तू पण राहा खाली. टपावर उन्हात बोंबलाचं काय होतं ते काय सांगू तुमाला, वाशी येईपर्यंत पाणी होतं त्याचं. अशा पाण्यावर आईनं मला पनवेलच्या कॉलेजात घातलं. आमच्या पाड्यातला पहिला बी.एस्सी. मी, केमिस्ट्री घेऊन, आणि हे मी लाजून-बिजून सांगत नाही, छाती ठोकून सांगतो. तसा मी शुद्ध बोलतो, पण आईचं सांगायला लागलो की जीभ आपोआप गावची होते, ते तसंच राहू द्या.

मग माझ्या मोठ्या भावानं, दादानं, एक जुना पेट्रोलचा टेम्पो घेतला आणि सात बायकांची मासळी वाशीच्या नव्या बिल्डिंगींपर्यंत न्यायला लागला. मागे पाट्या, पाट्यांत बर्फ, आणि पाट्यांच्या मधे बायका. आता कोळणींच्या जागा ठरलेल्या असतात बघा, बाजारात तशाच टेम्पोत. आईची मागे फळकीजवळ, म्हणजे मागच्या उघडणाऱ्या फळीपाशी, चांगुणाकाकूची तिच्या समोर, आणि सगळ्यांत नवी जी असेल तिची पुढे, केबिनला चिकटून. नवी म्हणजे आमची वहिनी मंदा. त्या जागेखालूनच सायलेन्सरचा पाइप जायचा, लाकडी फळीवर पत्रा, आणि फळीखाली चार बोटांवर तो तापलेला पाइप. बायकांनी नावच ठेवलं होतं, चूल. कोन बसला चुलीवर, मंदा बसली चुलीवर. वहिनीच्या पोटऱ्या भाजायच्या, आणि तिथली पाटी तर वाशीला जाईपर्यंत अर्धी शिजायची. चांगुणाकाकू म्हणायची मंदे, गिऱ्हाइकाला सांग नुसता रस्सा टाका, बाकी झालंय. हसायच्या सगळ्या, वहिनी पण हसायची, पण तिची मासळी रोज मागे यायची ना.

ते मला बघवेना. आणि खरं सांगू, मला दाखवायचं पण होतं. पास होऊन घरी बसलो होतो, नोकरी नाही, पाड्यातले लोक विचारायचे काय रे बीएस्सी, आज काय शोध लावला. नावड्याचा एक कॉलेजातला दोस्त तळोज्याला बॉयलरवर लागला होता, त्याच्याकडून मी अॅस्बेस्टॉसची दोरी आणली, ती बॉयलरच्या पाइपांना गुंडाळतात, पांढरी, खरबरीत. ती पाण्यात भिजवली, टेम्पोखाली उताणा पडलो, आणि ओढून ओढून, वेढ्याला वेढा लावून, अख्खा पाइप गुंडाळला, वर तारा आवळल्या. तेव्हा त्या दोरीची धूळ छातीत जाते हे कोणाला ठाऊक होतं, मी तर तोंडाला रुमाल पण बांधला नव्हता. दुसऱ्या दिवशी फळीवर हात ठेवला तर गार. गार म्हणजे कोमट, पण पहिल्यापुढे गारच. वहिनीची पाटी विकून रिकामी आली. आई पाडाभर सांगत फिरली, माज्या पोरानं चूल इझवली.

होळीच्या दिवसांत गुंडाळली होती. पुढच्या वर्षीची होळी पण गेली, दोरी जशीच्या तशी. मी एकदाही उघडून बघितली नाही. कशाला बघायची, चांगली दिसत होती की.

आता ऐका. नारळी पुनव होऊन आठवडा झाला होता, होड्या परत दर्यात गेलेल्या, मासळी भरपूर आणि पाऊस थांबायचं नाव नाही. पावसामुळे दादा मागची ताडपत्री चारी बाजूंनी आवळून बांधायचा. त्या आठवड्यात बायका म्हणायला लागल्या डोकं धरतंय, मळमळतंय. आईनं मंदावहिनीची मीठ-मोहऱ्या घेऊन नजर काढली. मी हसलो. मी म्हटलं उपाशीपोटी निघता, वर पावसाची हवा, नजर कसली. बी.एस्सी. ना मी.

त्याच आठवड्यात एक दिवस तळोज्याच्या एका केमिकल फॅक्टरीत माझी मुलाखत होती. गव्हाण फाट्याला उतरून पनवेलची एसटी धरणार होतो. पांढरा शर्ट घातलेला, मासळीचा वास नको म्हणून मागे न बसता दादाच्या बाजूला केबिनमध्ये बसलो. उरण सोडलं तेव्हा मागे नेहमीसारखी भांडणं, कोणाचा बर्फ कोणी घेतला, कोणाची सासू काय म्हणाली, केबिनच्या पत्र्यातून सगळं ऐकू येतं. जासईच्या पुढे गेलो आणि दादा म्हणाला आज बायका शांत हायत, बरं वाटतं की नाय. मी पण हो म्हटलं. सात कोळणी. एका टेम्पोत. आणि शांत.

मी केबिनच्या पत्र्यावर मूठ मारली, आई, ए आई. काही नाही. परत मारली. वहिनी पत्र्याला टेकूनच बसलेली असते, तिनं तरी मारायला हवं ना उलटं. मी म्हटलं दादा गाडी थांबव. तो म्हणाला बर्फ वितळतोय, तुलाच उशीर होतोय म्हणून तर हाणतोय. मी म्हटलं थांबव, आणि थांबायच्या आधीच दार उघडून उडी मारली, चिखलात पडलो, उठलो, मागे धावलो.

ताडपत्रीची गाठ. भिजून दगड झालेली, कोळ्याची गाठ, आणि माझ्या बोटांना ती सुटेना. कोळ्याचा पोर मी, आणि गाठ सुटेना. आत माझी आई. दाताने ओढली, नाही. दादा आला, मला कोपरानं बाजूला सारलं, एका हिसक्यात सोडली.

आत सगळ्या बसलेल्या होत्या, पण एकमेकींवर कलंडून. गाल लाल, झोपेतून उठल्यासारखे लाल, म्हणून आणखीच भीती वाटली मला, कारण ते पुस्तकात वाचलं होतं मी. आई फळकीजवळ होती, डोळे उघडे, माझ्याकडे बघत होती आणि तोंड हलत होतं, पण आवाज नव्हता. तिला पहिली ओढली, रस्त्याच्या कडेला पावसात निजवली. मग चांगुणाकाकू, मग बाकीच्या, दादा एक मी एक, पाट्या बाहेर फेकत गेलो, रस्ताभर बोंबील. मंदावहिनी शेवटी, कारण ती सगळ्यांत आत, चुलीवर. दादा तिला उचलून बाहेर आला आणि तिची मान मागे लोंबत होती. नुसता तिच्या तोंडावर पडणारा पाऊस बघत बसला. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, मला तर वर्ष वाटलं. मग चांगुणाकाकू ओकली आणि डोळे उघडून म्हणाली जल्ला मेला, माजी पाटी कोनी उलटी केली. तेवढी गोड शिवी मी जन्मात ऐकली नाही. आणि वहिनी खोकली. खोकली, आणि दादा रडायला लागला.

मी टेम्पोखाली गेलो. दोरी पांढरी, वेढ्याला वेढा, वर मिठाचा थर. पान्याचं टोक लावून दाबलं तर पाना सरळ आत गेला. पाइप नव्हताच हो तिथे. दीड वर्ष पाट्यांतलं बर्फाचं खारं पाणी फळीतून दोरीत झिरपलं, दोरीनं ते धरून ठेवलं, आणि आतला पाइप गंजून त्याची चाळण झाली. वरून माझी दोरी तेवढी शाबूत. धूर थेट बायकांच्या पायाखाली, आणि वर दादाची घट्ट ताडपत्री. त्यातल्या मारणाऱ्या वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, वास नसतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते.

रस्त्यावर एकजणी म्हणाली पुनवेला दर्याला नारळ नीट नाय दिला, त्याची बाधा. गप्प राहिलो असतो तर ते खपलं असतं. मी म्हटलं बाधा नाही, माझी दोरी आहे, मी गुंडाळली आणि मी बघितली नाही. दादानं माझ्याकडे अशी नजर टाकली की मला वाटलं आता मारतो. आई चिखलात बसल्या बसल्या म्हणाली, तुना लावली नं, मंग तूच नीट कर. मना कालेजचं नको सांगू.

मुलाखत गेली. आठ दिवस मी टेम्पोखालीच होतो. नवा पाइप टाकला, तो केबिनच्या मागून लगेच कडेला वळवून बाहेर काढला, मासळीच्या खालून नेलाच नाही. पाणी एका बाजूला वाहून जाईल असा पत्रा फळीवर ठोकला, ताडपत्रीला दोन्हीकडे जाळी ठेवली. दोरी फक्त इंजिनाजवळच्या हातभर पाइपाला, आणि ती पण दर अवसेला सोडायची, पाइप ठोकून बघायचा, मग परत गुंडाळायची.

नवव्या दिवशी बायका पाट्या घेऊन आल्या आणि टेम्पोसमोर उभ्या राहिल्या. कोणी चढेना. चांगुणाकाकू म्हणाली मी एसटीनं जाते, कंडक्टर शिव्या देतो पर मारत तं नाय. खोटं काय होतं त्यात. मग आईनं आपली पाटी उचलली, चढली, फळकीजवळची तिची मानाची जागा सोडून सरळ पुढे गेली आणि मंदावहिनीच्या जागेवर बसली, चुलीवर. वहिनीला म्हणाली तू बस मागं, वारा खा. ते बघून बाकीच्या पण एकेक करून चढल्या. मी पण चढलो, आईच्या बाजूला पाट्यांमधे बसलो, आणि वाशीपर्यंत दर दोन मिनिटांनी विचारत होतो आई डोकं दुखतंय का. शेवटी ती म्हणाली तुज्या बडबडीनं दुखतंय. तेव्हा मागच्या बायका हसल्या.

पुढे तळोज्यालाच दुसऱ्या एका फॅक्टरीत मुलाखत झाली. साहेबांनी विचारलं अनुभव काय. मी म्हटलं सात बायकांना मारता मारता राहिलो, त्यात माझी आई होती. साहेबांनी पेन खाली ठेवलं, म्हणाले सांगा. सेफ्टीला लागलो, तिथूनच रिटायर झालो. पोरांना सांगायचो, गुंडाळलेलं दिसतं ते सोडून बघा, मग सही करा.

आई आता नाही, चांगुणाकाकू नाही. वहिनी आहे, देव तिला सुखात ठेवो, अजून म्हणते मी चुलीवर बसून अर्धी शिजले. तो टेम्पो त्यानंतर अकरा वर्षं चालला, दर अवसेला मी दोरी सोडली, आणि मागच्या बायका परत कधी गप्प बसल्या नाहीत.